शहर प्रशासनातील विश्लेषक

अमेरिकेतील, विशेषतः कॅलिफोर्नियातील, अनेक शहरांत ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ॲनालिस्ट’ हे पद असते. निवडून आलेली नगर परिषद धोरण ठरवते आणि तिने नेमलेला सिटी मॅनेजर कारभार पाहतो. दोघांना लागणारी आकडेवारी, तुलना व शिफारशी विश्लेषक तयार करतो.

अंदाजपत्रक हे त्याचे मोठे काम. कॅलिफोर्नियातील शहरांचे आर्थिक वर्ष साधारणपणे १ जुलैला सुरू होत असल्याने खात्यांच्या मागण्यांची छाननी कित्येक महिने आधीच सुरू होते. याशिवाय निविदा, कंत्राटे व अनुदानांचे अर्जही तो हाताळतो.

पाणीपट्टी वाढवायची असेल, तर तो पंपांची वीज, जलवाहिन्यांची दुरुस्ती आणि कर्जाचे हप्ते यांचा हिशेब मांडतो, शेजारच्या शहरांचे दर तपासतो आणि परिषदेसाठी अहवाल लिहितो. कॅलिफोर्नियाच्या १९९६ च्या ‘प्रस्ताव २१८’नुसार अशा वाढीची नोटीस जाहीर सुनावणीच्या किमान ४५ दिवस आधी द्यावी लागते. तेथील खुल्या सभांविषयीच्या ब्राउन कायद्यानुसार परिषदेच्या नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावणे बंधनकारक असते. या मुदती सांभाळूनच अहवालाचे काम आखले जाते.

विश्लेषक पर्याय आणि त्यांचे परिणाम मांडतो. मंजुरी मात्र परिषदेच्या मतदानानेच मिळते.