इंजिन खोलण्याआधी काटा पाहा

पुणतांब्याहून रात्री-अपरात्री श्रीरामपूरच्या दवाखान्यात जायचे झाले, तर आमच्या घराला आधार अब्बांच्या मारुती 800 चाच. गाडी 1996 सालची, कार्बोरेटरची. गेल्या हिवाळ्यात ती रेल्वे फाटकावर उभी केली की थरथरू लागली. पेट्रोल जास्त पिऊ लागली. ब्रेकचे पेडलही जड लागू लागले. एका मिस्त्रींनी पाहून सांगितले, "इंजिन दमलंय. खोलावंच लागेल." खर्चाचा आकडा ऐकून आम्ही सगळे गप्प झालो. जवळपास तेवढेच पैसे लेकीच्या कॉलेज प्रवेशासाठी बाजूला ठेवले होते.

तेव्हा मामू म्हणाले, "घाई करू नका बेटा. आधी व्हॅक्यूम गेज लावून पाहा." मामूंची सारी नोकरी रेल्वेत गार्ड म्हणून झाली. पूर्वी गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक असत आणि गार्डच्या डब्यातही असाच एक काटा असे. काटा खाली आला की ब्रेक लागला, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले.

मोटारीत हा काटा इंजिनाचा श्वास दाखवतो. पिस्टन खाली जाताना हवा आत ओढतो. पाय ऍक्सिलरेटरवरून काढलेला असेल, तर कार्बोरेटरची झडप जवळजवळ बंद असते. त्यामुळे पुढच्या इनटेक मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच कमी होतो. ही ओढ गेजवर पाऱ्याच्या इंचांत दिसते. डॉक्टर रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, तसेच हे.

बसवणे अवघड नाही. मॅनिफोल्डला जोडलेल्या एखाद्या लहान नळीत टी-जॉइंट घालायचा आणि तिथून बारीक नळी डॅशबोर्डपर्यंत आणायची. दोन गोष्टी सांभाळायच्या. ब्रेक बूस्टरची जाड नळी कापायची नाही. आणि कार्बोरेटरच्या झडपेच्या वरच्या छिद्राला जोडायचे नाही, कारण तिथे इंजिन आयडलिंगवर असताना काटा शून्याजवळच राहतो. पत्र्यातून नळी आत घेताना रबरी बुश लावावा. सायलेन्सरचा गरम पाइप, पंखा आणि पट्टा यांपासून ती दूर ठेवावी. काम करताना ओढणी, मफलर आणि सैल बाह्याही दूरच बऱ्या.

इंजिन गरम झाल्यावर, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढून वाचन घ्यावे. समुद्रसपाटीला चांगल्या इंजिनाचा काटा साधारण 17 ते 22 इंचांवर स्थिर राहतो. दर हजार फूट उंचीला तो सुमारे एक इंच कमी दाखवतो. आपला भाग जवळपास 500 मीटर उंच आहे, म्हणून दीड इंच वजा धरावा. काटा स्थिर पण खाली असेल, तर हवेची गळती किंवा मागे पडलेले टायमिंग तपासावे. ठरावीक तालाने झटका खात असेल, तर वॉल्व्ह किंवा प्लग पाहावा. रेस धरून ठेवल्यावर हळूहळू उतरत गेला, तर सायलेन्सर तुंबल्याची शंका घ्यावी.

आमच्या गाडीचा काटा 13 वर होता. मामूंनी एकेक रबरी नळी पकडीने हलकेच दाबायला सांगितली. ब्रेक बूस्टरची नळी दाबताच काटा वर उडाला आणि थरथर थांबली! नळीला टोकाजवळ, क्लिपखाली चीर गेली होती. थरथर, पेट्रोल आणि जड पेडल, तिन्हींचे मूळ एकच. नळी बदलली, पेट्रोलची साधी नळी न वापरता बूस्टरचीच घेतली. काटा 18 वर येऊन थांबला. इंजिन खोलावे लागले नाही. पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट मनात राहिली, ती ही की त्याच ब्रेकवर आम्ही मुलांना घेऊन फिरत होतो.

आता गेज रोजच्या उपयोगाचे झाले आहे. पेडल पुरते दाबले की काटा शून्याकडे येतो, पाय हलका ठेवला की वर राहतो आणि पेट्रोल वाचते. मात्र चालवताना नजर रस्त्यावरच हवी, काट्याकडे नुसता कटाक्ष पुरे.

गेज स्वतः काही दुरुस्त करत नाही आणि प्रत्येक दोष एकट्या काट्यावरून कळतही नाही. कॉम्प्रेशन कमी असेल, तर इंजिन खोलावेच लागते. पण वाचकहो, आपल्या घरी जुनी गाडी असेल आणि कुणी "इंजिन गेलं" म्हणाले, तर "काटा किती दाखवतो?" एवढा प्रश्न जरूर विचारा. आमच्या लेकीची फी वेळेवर भरली गेली, ती या एका प्रश्नामुळे.