जुन्या गेम बॉयला चार्जिंगचे सेल : खेळण्यातून शिकूया व्होल्टेज



सुट्टीत माळा आवरायला काढला की एखादा जुना हातातला व्हिडिओ गेम सापडतोच. कुणाकडे विटा रचायचा ब्रिक गेम, तर कुणाकडे परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेला निन्टेन्डोचा गेम बॉय. मुलं लगेच म्हणतात, "याला मोबाइलसारखी चार्जिंगची बॅटरी बसवूया ना!" कल्पना छानच आहे. पण सेल चुकीचा निवडला तर खेळणं तर जातंच, शिवाय हात भाजण्याची आणि आग लागण्याचीही भीती असते. म्हणून हे उदाहरण मुलांसोबत आधी वहीवर सोडवा.

आधी गणित

गेम बॉय १९८९ साली जपानमध्ये बाजारात आला. त्याला चार पेन्सिल सेल लागतात. साधा सेल १.५ व्होल्टचा. एकसर जोडणीत व्होल्टेजची बेरीज होते, म्हणजे ४ × १.५ = ६ व्होल्ट. त्याच्या पाठीवरही ६ व्होल्ट, ०.७ वॅट असंच छापलेलं असतं.

आता त्याच आकाराचे चार्जिंगचे निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्या. हा सेल १.२ व्होल्टचा. ४ × १.२ = ४.८ व्होल्ट. इथे एखादा हुशार मुलगा विचारेलच, "सर, व्होल्टेज कमी पडणार नाही का?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर असं की साधा सेलही वापरताना १.५ वर थांबत नाही, तो हळूहळू उतरत जातो. यंत्र बनवताना ही उतरण धरलेली असते. चार्जिंगचा सेल मात्र बराच वेळ १.२ च्या आसपास टिकून राहतो. म्हणून गेम बॉय त्यावर चालतो.

किती वेळ चालेल? सेलवर २००० मिलीअँपिअर-तास लिहिलंय असं धरू, म्हणजे २ अँपिअर-तास. ४.८ × २ = ९.६ वॅट-तास. भागिले ०.७ वॅट, उत्तर साधारण १३ ते १४ तास. हे कागदावरचं उत्तर. प्रत्यक्षात सेल किती जुना आहे, आवाज किती मोठा ठेवलाय, यावर ते कमीजास्त होतं.

मग लिथियम का नको?

मोबाइलमधला लिथियम-आयन सेल साधारण ३.७ व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्टचा. गेम बॉयला तो एकटा पुरत नाही. व्होल्टेज वाढवणारं सर्किट, चार्जिंगचं सर्किट आणि जास्त चार्जिंग व शॉर्टसर्किटपासून वाचवणारं सर्किट, एवढं सगळं सोल्डर करून बसवावं लागतं. अनुभवी माणूस ते करू शकतो. शाळकरी मुलांनी एकट्याने करायचं हे काम नाही.

आणखी एक फसवी गोष्ट सांगते. पेन्सिल सेलच्याच आकाराचे ३.७ व्होल्टचे लिथियम सेलही मिळतात. दोन सेलच्या खेळण्याला हवे असतात ३ व्होल्ट. त्यात असे दोन सेल घातले तर पूर्ण चार्ज असताना होतात ८.४ व्होल्ट! आकार तोच, पण खेळणं जळू शकतं. त्यामुळे खोबणीत बसतोय म्हणून सेल घालू नका, त्यावरचा व्होल्टचा आकडा वाचा.

घरी करताना

१. सेलच्या खोबणीत हिरवट-पांढरी पूड दिसली तर हातमोजे घाला. अल्कलाइन सेलमधून गळलेला पदार्थ आम्लारिधर्मी असतो. कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग कोरडं करा. उदासिनीकरणाचा धडा इथेच शिकवता येतो.

२. चारही सेल एकाच कंपनीचे, एकाच क्षमतेचे आणि एकाच वेळी घेतलेले असू द्या. नवा-जुना मिसळू नका.

३. सेल खेळण्यातून काढून त्यांच्याच चार्जरमध्ये चार्ज करा. साधे सेल चार्जरला कधीही लावू नका.

४. खेळणं ठेवून देणार असाल तर सेल काढून ठेवा.

सेल टाकताना

आपल्या शीळफाटा-डायघर पट्ट्यात भंगाराची गोदामं आहेत आणि तिथल्या आगीच्या बातम्या आपण वाचत असतो. प्रत्येक आगीला सेलच कारणीभूत असतो असं नाही. पण फुगलेला लिथियम सेल भंगारात चेपला गेला की पेट घेऊ शकतो, आणि तिथे काम करणारी माणसं आपल्याच भागातली आहेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता टोकांना चिकटपट्टी लावून वेगळे ठेवा आणि ई-कचरा संकलनात द्या.

वर्गासाठी उपक्रम

मुलांना घरातल्या पाच वस्तूंचे सेल बघायला सांगा : रिमोट, भिंतीवरचं घड्याळ, टॉर्च, खेळणं, वजनकाटा. प्रत्येकात सेल किती, जोडणी कोणती, एकूण व्होल्टेज किती, याचा तक्ता करू द्या. मल्टीमीटर असेल तर मोजून ताळा पाहा. आकडे कुठे जुळले नाहीत, ते आम्हाला जरूर कळवा.