वाट सांगणारे गड

भोर आणि वेल्हे हा सह्याद्रीचा मुलूख. वेल्ह्याजवळ तोरणा व राजगड हे दोन प्रसिद्ध किल्ले आहेत. त्यांना जोडणाऱ्या डोंगरधारेवरून अनेक जण पायी जातात. पावसाळ्यात येथे दाट धुके उतरते. मग अनोळखी माणूस वाट चुकतो. खोल उतारावर एक चुकीचे पाऊलही जिवावर बेतू शकते.

आज आपण मोबाइलला वाट विचारतो. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह रेडिओ संदेश पाठवतात. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की मोबाइल आपली जागा शोधतो. भारतानेही २०१३ पासून ‘नाविक’ या स्वतःच्या यंत्रणेचे उपग्रह सोडले आहेत. पण इतक्या दुरून येणारा संदेश फार क्षीण असतो. दरीत डोंगरकडे आणि पुण्यासारख्या शहरात उंच इमारती त्याला अडवतात. अशा वेळी काय करावे?

शहरात जवळचे मोबाइल मनोरे मदतीला येतात. त्यांच्या जागा ठरलेल्या असतात. त्यांवरून मोबाइल आपल्या जागेचा अंदाज बांधतो. डोंगरात मनोरे थोडे असतात; पण तेथे मनोऱ्यांचे काम गड करू शकतात! त्यासाठी नकाशा व होकायंत्र पुरे. होकायंत्र म्हणजे उर्दूतील कुतुबनुमा. त्याला बॅटरी लागत नाही.

समजा, तुम्हांला तोरणा नैर्ऋत्येला, म्हणजे दक्षिण व पश्चिम यांच्या मधोमध दिसतो. राजगड आग्नेयेला, म्हणजे दक्षिण व पूर्व यांच्या मधोमध दिसतो. आता नकाशावर तोरण्यापासून उलट दिशेला, म्हणजे ईशान्येला रेघ ओढा. तशीच राजगडापासून वायव्येला दुसरी रेघ ओढा. दोन्ही रेघा जेथे एकमेकींना छेदतात, तेथे तुम्ही आहात. ती जागा वेल्हे गावाच्या आसपास येते.

मात्र हे काम धुके येण्याआधीच करावे. गड दिसेनासे झाले, तर दिशा कशाची पाहणार? पुढच्या वाटेची दिशाही आधीच वहीत टिपून ठेवावी. होकायंत्राजवळ लोखंड किंवा मोबाइल ठेवू नये, सुई फसते.

मुलांनो, मोबाइल जरूर वापरा, पण केवळ त्याच्यावर विसंबू नका. शाळेच्या पटांगणातून पाण्याची टाकी आणि मशिदीचा मिनार यांच्या दिशा मोजा. गावाच्या नकाशावर रेघा ओढा. तुमची शाळा बरोबर सापडते का, ते पाहा.