मॅकिंटॉशच्या पोटात जुना ॲपल

१९९० साली ॲपलने मॅकिंटॉश एलसी आणला तेव्हा कंपनीचा डोळा अमेरिकेतल्या शाळांवर होता. पण त्या शाळांची कपाटं ॲपल टू-ई या जुन्या संगणकाच्या फ्लॉप्यांनी भरलेली, आणि ते प्रोग्राम मॅकवर चालत नव्हते. तोडगा म्हणून १९९१ मध्ये १९९ डॉलरचं टू-ई कार्ड आलं. त्याविषयीचे गैरसमज मात्र अजून टिकून आहेत.

हे कार्ड म्हणजे चिपमध्ये भरलेला एम्युलेटर, असं बरेच जण धरून चालतात. एम्युलेटर प्रोग्राम जुन्या प्रोसेसरच्या आज्ञा वाचून त्यांची नक्कल नव्या प्रोसेसरकडून करवून घेतो. या कार्डावर मात्र ६५सी०२ हा टू-ईच्या प्रकारचा खराखुरा प्रोसेसर आहे, शिवाय स्वतःची २५६ किलोबाइट मेमरी. पडदा, कीबोर्ड, माउस आणि हार्ड डिस्क तेवढी मॅकची. चूल आपली, नळ मालकाचा, अशी पोटभाडेकरूची व्यवस्था. युक्ती जुनीच होती. १९८० साली झेड-८० प्रोसेसर बसवलेलं सॉफ्टकार्ड घालून ॲपल टूवर सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम चालवता येई. ते विकत होती चक्क मायक्रोसॉफ्ट!

मॅक १६ मेगाहर्ट्झचा, मग जुने प्रोग्रामही सुसाट पळणार, ही दुसरी समजूत. कार्ड चालतं १ मेगाहर्ट्झने. वेगवान पर्याय निवडला तरी जेमतेम २. आणि तेच योग्य आहे. ॲपल टूमध्ये त्याचा रचनाकार स्टीव्ह वोझनियॅकने सुटे भाग वाचवून बरीचशी कामं प्रोसेसरवरच टाकली होती. स्पीकरमधला सूर काय किंवा फ्लॉपीवरचं वाचन काय, प्रोग्राम प्रोसेसरचे ठोके मोजूनच वेळ साधत असे. ठोके जलद झाले की सूर चढतो, खेळ हाताबाहेर जातो.

फ्लॉपी घातली की झालं, असंही नाही. एलसीची फ्लॉपी साडेतीन इंची, जुने प्रोग्राम सव्वापाच इंचीवर. त्यासाठी कार्डाला वाय-केबल लावून बाहेरचा ड्राइव्ह जोडावा लागे. कॉपी-संरक्षण असलेले प्रोग्राम दुसरीकडे उतरवून घेणंही सोपं नव्हतं. ॲपल टूच्याच मालिकेतल्या टू-जीएसचे प्रोग्राम तर चालतच नाहीत, त्यांना ६५सी८१६ प्रोसेसर लागतो.

आणि एका खिडकीत मॅक, दुसरीत टू-ई अशी चैन नाही. टू-ई अख्खा पडदा व्यापतो, मॅक थांबून राहतो. परतायचं तर कंट्रोल, कमांड आणि एस्केप या कळा एकदम दाबायच्या.