अजिंठ्याच्या भिंती आणि चित्रकाराचा हात

प्राचीन आचार्यांच्या चित्रांपुढे बसून त्यांच्या प्रतिकृती कराव्यात की नाहीत, हा प्रश्न चित्रकलेच्या विद्यार्थ्यांपुढे नेहमीच उभा राहतो. एका पक्षाचे म्हणणे असे की, प्रतिकृती करणारा आयुष्यभर प्रतिकृतिकारच राहतो, त्याला स्वतःची शैली गवसत नाही. दुसरा पक्ष म्हणतो की, पूर्वसूरींच्या कृती हाताखालून गेल्याशिवाय हाताला वळणच लागत नाही. युरोपात दुसऱ्या पक्षाचा वरचष्मा दीर्घकाळ राहिला. पॅरिसचे लूव्र वस्तुसंग्रहालय १७९३ साली लोकांसाठी खुले झाले, तेव्हापासूनच तेथे चित्रकारांना जुन्या चित्रांपुढे बसून अभ्यास करण्याची मुभा आहे. तेथील एक नियम मोठा अर्थपूर्ण आहे. प्रतिकृती मूळ चित्राच्या मापाची असता कामा नये. अभ्यास आणि बनावट यांमधील सीमारेषा या साध्या नियमाने आखली गेली आहे.

प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा विचार अजिंठ्याच्या आधारे करणार आहोत. अजिंठा हे रूढ अर्थाने वस्तुसंग्रहालय नव्हे. ते भिक्खू संघाचे निवासस्थान व उपासनास्थान होते. तथापि गेल्या पावणेदोनशे वर्षांत अनेक चित्रकार तेथे विद्यार्थी म्हणून गेले, तेथील प्रतिकृती वस्तुसंग्रहालयांत पोहोचल्या आणि त्यांतून आधुनिक भारतीय चित्रकलेस एक निश्चित वळण मिळाले. येथे जे शिकले आणि जे शिकू शकले नाहीत, त्या दोहोंचा इतिहास आपल्यापुढे आहे.

भिंत काय शिकविते?

वाघोरा नदीच्या वळणावरील सुमारे तीस लेण्यांपैकी क्रमांक ९ व १० मधील सर्वांत जुनी चित्रे इसवी सनापूर्वीच्या काळातील आहेत. क्रमांक १, २, १६ व १७ मधील प्रसिद्ध चित्रे पाचव्या शतकातील, वाकाटक राजवटीतील होत. ही चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. खडकावर माती, वाळू, शेण, भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा देऊन त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवलेला आहे आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या बंधकद्रव्यात कालवलेले रंग लावलेले आहेत. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ आणि पांढरी माती हे रंग मुख्यतः याच भूमीतले होते. निळा तेवढा दुरून, अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतल्या राजवर्त खड्यापासून येत असे.

या चित्रांचा प्राण रेषेत आहे. आधी गेरूने आकृती रेखाटलेली, नंतर रंग भरलेला आणि शेवटी गडद रेषेने ती पुन्हा बांधलेली, असा क्रम तेथे दिसतो. लेणे क्रमांक १ मधील बोधिसत्त्व पद्मपाणी पाहावा. भुवईची एकच सलग रेषा, खाली झुकलेली दृष्टी, शरीराचा त्रिभंग आणि नीलकमळ धरणारी बोटे यांतून करुणा प्रकट होते. चेहऱ्यावर खेददर्शक अशी एकही आठी नाही. प्रकाश अमुक एका खिडकीतून आला आहे असे दाखविण्याचा प्रयत्नही नाही. उंचवट्याच्या जागी हलका रंग आणि खोलगट जागी गडद रंग देऊन, नाक, ओठ व हनुवटीवर उजळ ठिपके ठेवून शरीरास गोलाई आणलेली आहे.

दुसरी शिकवण रचनेची. लेणे क्रमांक १७ मधील वेस्संतर जातकाचे प्रसंग चौकटींनी तोडलेले नाहीत. एखादे दार, एखादा वृक्ष वा खडक मध्ये येतो आणि कथा पुढे सरकते. पाहणाऱ्याने चालत चालत चित्र वाचावयाचे असते. एकाच जागी उभ्या असलेल्या डोळ्यासाठी हे चित्र काढलेलेच नाही. युरोपीय पद्धतीच्या चित्रशाळेत शिकलेल्या विद्यार्थ्याला हे सर्वस्वी नवे होते, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवले पाहिजे.

तेरा वर्षांचे परिश्रम

इ.स. १८१९ मध्ये मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने या लेण्यांपाशी पोहोचला आणि बाह्य जगास त्यांची पुन्हा ओळख झाली. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल या सैनिकी चित्रकाराची प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक केली. अनेक वर्षे खपून त्याने कापडावर काढलेली मोठी तैलचित्रे लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली आणि डिसेंबर १८६६ मधील आगीत मोजकी चित्रे वगळता सर्व जळून गेली.

त्यानंतर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे अध्यापक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांसह हे काम पुन्हा हाती घेतले. सुमारे तीनशे चित्रे तयार झाली व लंडनच्या साउथ केन्सिंग्टन वस्तुसंग्रहालयास धाडली गेली. तेथेही १८८५ मध्ये आग लागून शंभराहून अधिक चित्रे नष्ट झाली. उरलेली आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट वस्तुसंग्रहालयात आहेत. ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांतील ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अजिंठ्याची कीर्ती जगभर गेली.

आता प्रश्न असा की, या विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या चित्रांवर अजिंठ्याचा ठसा किती उमटला? त्यांच्यातील पेस्तनजी बोमनजी हे पुढे नामवंत झाले. परंतु त्यांची कीर्ती आहे ती पारशी कुटुंबजीवनाच्या तैलचित्रांसाठी आणि ती चित्रे युरोपीय पद्धतीची आहेत. छायाप्रकाश, वस्त्राचा पोत आणि व्यक्तीचे हुबेहूब साम्य हेच त्यांचे बलस्थान. बोधिसत्त्वापुढे बसलेला हात घरी परतल्यावर आपल्या जुन्याच वळणावर गेला.

यात त्या विद्यार्थ्यांचा दोष नव्हता. त्यांना नेमून दिलेले काम नोंदीचे होते. भिंतीवर जे उरले आहे ते पडलेल्या पोपड्यांसह हुबेहूब उतरवा, असा त्याचा हेतू. माध्यम तेलरंगाचे, भिंतीच्या माध्यमाहून सर्वथा भिन्न. शाळेत परतल्यावर परीक्षा व्हायची ती युरोपीय नमुन्यांवरून. अशा परिस्थितीत डोळा पाहतो, हात उतरवितो, परंतु ‘हे असे का काढले आहे’ हा प्रश्न विचारण्यास अवकाशच राहत नाही. हुबेहूब नोंद हे मोलाचे कार्य आहे, पण त्याने शैली घडतेच असे नाही.

एक हिवाळा आणि एक दिशा

यानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम ही इंग्रज चित्रकर्ती अजिंठ्यास आली. तिची पूर्वतयारी विशेष होती. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील जुन्या इटालियन चित्रांच्या प्रतिकृती तिने मूळ पद्धतीने, म्हणजे अंड्याच्या बलकात रंग कालवून केल्या होत्या. इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनी याच्या जुन्या ग्रंथाचे तिने केलेले इंग्रजी भाषांतर १८९९ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्या ग्रंथात शिष्याने एकाच श्रेष्ठ गुरूच्या कृतींचा दीर्घ अभ्यास करावा असा उपदेश आहे. जुन्या चित्राचे रहस्य त्याच्या द्रव्यात आणि कृतीच्या क्रमात असते, हे ती स्वतःच्या हाताने शिकली होती. संग्रहालयातील हा अभ्यास घेऊनच ती वाघोरेच्या काठी उतरली.

१९०९-१० आणि १९१०-११ च्या हिवाळ्यांत तिच्याबरोबर जे भारतीय चित्रकार काम करीत होते त्यांत नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, वेंकटप्पा आणि हैदराबादचे सय्यद अहमद हे होते. नंदलाल त्या वेळी सत्तावीस वर्षांचे होते. अवनींद्रनाथ ठाकूर यांचे ते शिष्य. त्या मंडळींची तोवरची चित्रे लहान आकाराची, धूसर रंगांची आणि काहीशी हळवी असत. अजिंठ्याच्या भिंतीने नंदलालांना दोन गोष्टी दिल्या. एक, आकृतीचे वजन पेलणारी रेषा. दोन, अनेक आकृती मोठ्या पृष्ठभागावर वाहत्या ठेवण्याची रचना.

मुंबईच्या विद्यार्थ्यांनी तेरा वर्षे दिली, नंदलालांनी काही महिने. फरक कालावधीचा नव्हता, प्रश्नाचा होता. नंदलाल स्वतःसाठी चित्रभाषा शोधत तेथे गेले होते. शिवाय शिकलेले वापरण्यास त्यांना जागा मिळाली. शांतिनिकेतनच्या कलाभवनाची धुरा त्यांच्याकडे आली. १९२१ मध्ये त्यांनी मध्य भारतातील बाघ लेण्यांतील चित्रांचाही अभ्यास केला. विद्यार्थ्यांसह भिंतींवर चित्रे काढली. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी त्यांनी काढलेले फलक पाहिले तर ढोलकी वाजविणारा, सुतार, दळण दळणारी स्त्री अशी साधी माणसे दिसतात. त्यांत एकही बोधिसत्त्व नाही. बंगालच्या पटचित्रांचा प्रभाव त्यांत स्पष्ट आहे, आणि तरीही मातीचे रंग व शरीराला वळसा घालणारी ठाम रेषा अजिंठ्याचे ऋण सांगते. विषय बदलला, माणूस बदलला, कार्यपद्धती मुरली. शैली घडणे म्हणतात ते हेच होय.

आपल्या वाचकांसाठी यातील एक दुवा जिव्हाळ्याचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, त्या समितीच्या परिश्रमांतून आकारास आलेल्या भारतीय संविधानाच्या हस्तलिखित प्रतीची सजावट नंदलाल बोस व शांतिनिकेतनमधील त्यांचे सहकारी आणि विद्यार्थी यांनी केली. त्या पानांवर तथागतांच्या जीवनातील प्रसंग आहे आणि सम्राट अशोकाचा धम्मप्रसारही आहे. अजिंठ्याच्या अंधारात तयार झालेला हात चाळीस वर्षांनी या ग्रंथापर्यंत पोहोचला.

प्रतिकृतीविना अभ्यास

मग प्रतिकृती अनिवार्य आहे काय? अमृता शेर-गिल यांचे उदाहरण वेगळे सांगते. १९२९ पासून पाच वर्षे पॅरिसमध्ये शिकून, तेथील संग्रहालये पाहून त्या १९३४ च्या अखेरीस भारतात परतल्या. १९३६ च्या अखेरीस मुंबईतील प्रदर्शनानंतर त्यांनी अजिंठा पाहिला आणि तेथून त्या दक्षिणेकडे गेल्या. १९३७ मधील ‘नववधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘बाजारास निघालेले दाक्षिणात्य खेडूत’ ही तीन चित्रे या प्रवासाचे फळ होत. त्यांत आकृती भिंतीवरील पट्ट्याप्रमाणे एका ओळीत बसविल्या आहेत, गडद कांतीवर पांढरे वस्त्र उठून दिसते आणि चेहऱ्यांवर अजिंठ्यातील स्थिर, अंतर्मुख शांतता आहे. माध्यम मात्र तैलरंगाचेच राहिले. ज्याचा डोळा संग्रहालयांत आधीच तयार झालेला आहे, त्याला पाहणेही पुरते. पण अशी तयारी नसलेल्याने केवळ पाहून परत यावे, असा निष्कर्ष यातून काढता येणार नाही.

ऋण आणि जबाबदारी

या अभ्यासाची एक दुखरी बाजूही आहे. एकोणिसाव्या शतकात प्रतिकृती करताना रंग उजळ दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वार्निश चढविले गेले. ते काळाबरोबर पिवळे व काळपट झाले. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने आणलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटणारे रंग पक्के केले, पण त्यांनी वापरलेली लाखही पुढे पिवळी पडली. हे थर उतरविण्याचे नाजूक काम पुरातत्त्व खात्याला दीर्घकाळ करावे लागले. शिकण्याच्या उत्साहात गुरूच्याच देहाला इजा झाली, असे हे उदाहरण आहे.

याउलट जपानचे उदाहरण घ्यावे. अराई काम्पो या चित्रकाराने १९१७-१८ च्या सुमारास सहकाऱ्यांसह अजिंठ्याच्या प्रतिकृती केल्या. त्या १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत टोकियोत नष्ट झाल्या. पुढे नारानजीकच्या होर्युजी विहारातील बोधिसत्त्वांची भित्तिचित्रे उतरविण्याच्या कार्यातही काम्पो सहभागी होते. ते काम चालू असतानाच २६ जानेवारी १९४९ रोजी सुवर्णसभागृहात आग लागली आणि मूळ चित्रांचे रंग जळाले. पण प्रतिकृती व छायाचित्रे शिल्लक होती, आणि १९६७-६८ मध्ये त्यांच्या आधारे ती चित्रे पुन्हा रंगविण्यात आली. प्रतिकृती हे कधी कधी मूळ कृतीचे दुसरे आयुष्य ठरते, ते असे.

आपल्यासाठी बोध

आज आपल्या अनेक विहारांच्या भिंतींवर बुद्धरूप रंगविले जाते. श्रद्धा त्यात असते, पण बहुधा नमुना छापील दिनदर्शिकेचा असतो. त्यामुळे एकच गुलाबी चेहरा, एकच तेजोवलय आणि एकच पार्श्वभूमी ठिकठिकाणी दिसते. दोन हजार वर्षांची चित्रपरंपरा ज्या महाराष्ट्रात आहे, तेथे असे व्हावे ही खंत बाळगण्याजोगी गोष्ट आहे.

तरुण चित्रकारांना आमचे सांगणे इतकेच की, वही व शिसपेन्सिल घेऊन लेण्यांत जावे. भिंतीस हात लावू नये, झोतदिवा वापरू नये. संपूर्ण चित्र उतरविण्याचा हव्यास न धरता एका दिवशी एकच हात, एकच मान, एकच वृक्ष काढावा. रेषा कोठे जाड होते व कोठे बारीक, आकृतीचा भार कोणत्या पायावर आहे, हे पाहावे. घरी येऊन तेच स्मरणाने पुन्हा काढावे. तिसऱ्या वेळी त्याच रेषेने आपल्या वस्तीतील माणूस काढून पाहावा. रेषेने त्याचा भार पेलला, तर अभ्यास अंगी लागला असे समजावे.

केवळ गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला होता. तो प्राचीन चित्राचार्यांनाही लागू आहे. त्यांच्यापुढे बसावे ते आदराने, पण ‘हे असे का?’ हा प्रश्न मनात धरून. तो प्रश्न न विचारता केलेली प्रतिकृती नोंदवहीत राहते आणि तो विचारून काढलेली एक रेषा आयुष्यभर हातात राहते.