मान नेमकी अडते कुठे?

गाडी मागे घेताना मान पुरती वळत नाही आणि डोकं नेहमी एकाच बाजूला, मानेपासून कपाळापर्यंत ठणकतं. अशा रुग्णाला फिजिओथेरपिस्ट उताणं झोपवतो. मान पुढे पूर्ण वाकवून, त्याच स्थितीत डोकं हळूच डावीकडे, मग उजवीकडे फिरवतो. वाकलेल्या मानेत खालचे मणके फारसे फिरू शकत नाहीत. फिरतात ते मुख्यतः वरचे दोन, अ‍ॅटलस आणि अ‍ॅक्सिस. मान वळण्याचं जवळपास निम्मं काम याच जोडीचं. निरोगी माणसाचं डोकं या चाचणीत दोन्हीकडे सुमारे ४० ते ४५ अंश फिरतं. एका बाजूला ते ३२ अंशांच्या आतच अडलं, तर संशय या दोघांमधल्या सांध्यावर जातो.

मग दुखतं कपाळ का? मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्याच्या संवेदनांची नस यांचे संदेश मेंदूच्या तळाशी एकाच ठिकाणी पोहोचतात, म्हणून.

उपचारासाठी न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट ब्रायन मलिगन यांच्या पद्धतीत थेरपिस्ट मणक्यावर हलका दाब ठेवतो आणि रुग्ण स्वतः मान वळवतो. घरी हेच पट्टा लावून करता येतं. वळताना अजिबात दुखता कामा नये, ही त्यातली सर्वांत शहाणी अट. ऑस्ट्रेलियात टोबी हॉल आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या अभ्यासात या व्यायामाचा फायदा वर्षभरानंतरही टिकला होता.

मात्र नुकताच अपघात, संधिवाताभ संधिशोथ (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस), भोवळ, दुहेरी दिसणं किंवा बोलताना जीभ अडखळणं असेल, तर मानेला हात लावण्याआधी डॉक्टरांची तपासणी हवीच. न्हाव्याकडून मान मोडून घेणं तर सरळ टाळावं.