पलंगापासून न्हाणीघरापर्यंत



घरे बांधणे व दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय. त्यामुळे टिळकवाडी-शहापूरकडील अनेक जुनी घरे मी आतून पाहिली आहेत. मुले पुण्या-बंगळुरास अगर परदेशी, आणि येथे आई-वडील दोघेच. कित्येक ठिकाणी एकच. ‘हे घर सोडायचे नाही’ हा त्यांचा आग्रह मला सर्वस्वी रास्त वाटतो. मात्र तो निभावयाचा तर घरालाही थोडे बदलावे लागते.

जिन्याची भीती सर्वांनाच असते, म्हणून तेथे माणूस सावध असतो. खरा धोका रात्री पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर आहे. साठीच्या डोळ्यातील पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांश प्रकाश पोहोचतो. त्यात झोपेतून एकदम उभे राहिल्यास रक्तदाब क्षणभर उतरतो. अशा वेळी डोक्यावरचा प्रखर दिवा डोळे दिपवितो. त्याऐवजी गुडघ्याच्या उंचीवर, चाहूल लागताच उजळणारे मंद दिवे लावावेत. वीज गेली तरी चालणारे असल्यास उत्तम.

उंबरठा काढण्यास वडीलधारी मंडळी सहसा राजी होत नाहीत, आणि काढण्याचे कारणही नाही. दोन्ही अंगांना उतार द्यावा. एक इंच चढास एक फूट लांबी, या हिशेबाने दोन इंची उंबरठ्यास दोन फूट उतार लागेल.

नूतनीकरणाच्या हौसेने जुनी खरखरीत शहाबादी फरशी उखडून तेथे गुळगुळीत चकचकीत फरशी बसविली जाते. पाणी पडले की ती निसरडी होते. याला मी सुधारणा म्हणत नाही.

तोल गेला की हात जवळच्या वस्तूकडे जातो, आणि न्हाणीघरात ती वस्तू बहुधा टॉवेलची दांडी असते. ती माणसाचा भार पेलत नाही. म्हणून दीड इंच जाडीची, भिंतीपासून दोन इंच सुटी अशी आधारदांडी हवी. ती नुसत्या गिलाव्यात ठोकू नये. मातीत रचलेल्या जुन्या भिंतीत आरपार बोल्ट घालून, मागे लोखंडी पट्टी देऊनच बसवावी. गीझरच्या जोडणीस ३० मिलिअँपिअरचा अर्थ लीकेज ब्रेकर असावा. आणि दार बाहेर उघडणारे हवे. दार आत उघडणारे असेल आणि माणूस त्याच्या आड पडला, तर बाहेरून ते ढकलताही येत नाही. कडीही बाहेरून काढता येईल अशी असावी.

गळ्यात बाळगावयाचे मदतीचे बटण अलीकडे मिळते. स्नानाच्या वेळी मात्र ते खुंटीवर राहते! याकरिता न्हाणीघरातील घंटेची दोरी जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत लोंबती ठेवावी.

राहिला कॅमेरा. परदेशस्थ मुलांना तो हवासा वाटतो, हे मी समजू शकतो. परंतु तो बसवावा की नाही, कोठे बसवावा आणि कोणत्या वेळी बंद ठेवावा, हे त्या घरात राहणाऱ्यानेच ठरवावे. मुलाने परस्पर सांगितले म्हणून मी तारा ओढून देत नाही. आधी आजींना विचारतो.